सेल्फ नुसता टक् करतो

१५ एप्रिल

काल मिरवणुकीत ट्रॅक्टर बंद पडला. कोपरखैरण्याच्या चौकात, मधोमध. मागे ट्रॉलीवर बाबासाहेबांचा फोटो, पुढे बँड, आणि मध्ये आमचा निळा ट्रॅक्टर, चिखलात बसलेल्या म्हशीसारखा. माझ्या पोराच्या, सुगतच्या, पायाखालून क्लच सुटला आणि इंजिन बंद; त्यानं सेल्फ मारला की टक्. परत मारला, टक्. शेवटी पोरांनी ट्रॉली सोडवली आणि हातांनी ओढत नेली. जयंती समितीचा चंद्रशेखर माइकवर म्हणाला, बंधू-भगिनींनो, थोडा तांत्रिक बिघाड झालेला आहे. त्यानं माइक तोंडाला लावला नसता तर निम्म्या लोकांना कळलंही नसतं.

बॅटरी गेलेली आहे. दुसरं काही नाही.

ठरवलं. एक मेच्या आत ट्रॅक्टर चालू करायचा. घाई अशी की सुगतला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली. एक जूनला हजर व्हायचं आहे. बायको दीक्षा आणि पोरगी शुभदा, दोघींना घेऊन चालला. मलाही चल म्हणतात. मी कशाला जाऊ? माझी खोली बोनकोड्यात, माझा ट्रॅक्टर बोनकोड्यात. ट्रॅक्टरमागच्या पाण्याच्या टँकरला काम नाही, ट्रॅक्टर रोज रुसतो, म्हणून पोरगं कंटाळलं. चालू झाला की राहील. तो तसं म्हणाला नाही. पण त्याला मी जन्म दिला आहे, कंपनीनं नाही.

१६ एप्रिल

बॅटरीची झाकणं उघडून बघितली. आत पाणी कमी. सुगत म्हणाला, माय, थांब, बॅटरीचं पाणी वेगळं मिळतं, मी आणतो. मी म्हणलं, आपण फिल्टरचं पितो, तिला काय वेगळं? भरून टाकलं. आम्हाला चालतं ते तिला चालत नसेल तर तिनं बंगल्यात जावं.

संध्याकाळी सेल्फ मारला. टक्.

पाणी मुरायला वेळ लागत असणार.

१८ एप्रिल

बॅटरी चार्जिंगला दिली होती. दुकानदार म्हणतो, चार्ज झाली, पण यात कोणी नळाचं पाणी घातलंय का? मी म्हणलं नाही. नळाचं नव्हतंच.

आणून जोडली. दिवे लागतात, पिवळे, कावीळ झाल्यासारखे. सेल्फ टक्.

दुकानदार खोटारडा आहे. त्याच्या तोंडावरूनच कळतं.

१९ एप्रिल

नवी बॅटरी आणली. सुगतनं घरात कोणाला न विचारता आणली. मी खूश झाले. जाणारा माणूस नवी बॅटरी आणतो का? ज्याला घर सोडायचंय तो दाराला रंग देत नाही. दीक्षाला हे ऐकवलं. ती म्हणाली, आई, घर विकायचं असलं तरी रंग देतात.

तिला उलट बोलायची सवय आहे. माहेरी कोणी अडवलं नसणार.

नवी जोडली. टक्.

नवीसुद्धा खराब निघाली.

२० एप्रिल

सुगत पावणे गावाहून कुंदनला घेऊन आला. कुंदन गाड्यांचं वायरिंग करतो. एक डोळा बारीक करून बोलतो. टेस्ट लॅम्प घेऊन इकडे टोच, तिकडे टोच. म्हणे, आजी, बॅटरी चांगली आहे. अर्थिंग बघू द्या. ती पट्टी कुठे बसते?

अर्थिंग म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून ट्रॅक्टरच्या अंगाला जाते ती जाड विणलेली पट्टी. करंट परत यायची वाट. मला शिकवायला लागला. मी म्हणलं, बाळा, ती पट्टी जयंतीआधी मी स्वतः सोडवली. खालचा गंज घासून काढला. प्राइमर मारला. वर दोन हात निळा ऑइल पेंट दिला. सुकू दिला, आणि मग बोल्ट आवळला. पोरं वरवर ब्रश फिरवतात. मी एक जागा सोडली नाही. तिथं गंज असूच शकत नाही.

कुंदन म्हणे, गंज नाही हो आजी, रंग. थोडा खरवडू द्या.

मी म्हणलं, निळ्याला पाना लावायचा नाही. हा रंग मिरवणुकीसाठी दिलाय. तुझ्या दुकानाच्या शटरला लाव काय लावायचा तो.

सुगत बाजूला तोंड फिरवून हसला. हसू दे. बऱ्याच दिवसांनी हसला.

२४ एप्रिल

सेल्फ काढला. म्हणजे ती मोटर, जी इंजिन फिरवते. मी आधीच म्हणत होते सेल्फ खराब आहे. कुंदनच्या टेबलावर लावला तर भिंगरीसारखा फिरला. परत ट्रॅक्टरला बसवला. टक्.

कुंदन म्हणे, आता तरी रंग खरवडू द्या.

मी म्हणलं, टेबलावर भार नसतो. रिकाम्या पोटी कोणीही नाचेल.

तो पाने गोळा करायला लागला.

सुगतचे वडील हा ट्रॅक्टर पावण्याच्या दगडखाणीवर चालवायचे. खाण बंद झाली तेव्हा खाणवाल्यानं उरलेल्या पगारात तो गळ्यात मारला. मी मडगार्डवर बसून अर्धं आयुष्य काढलं आहे. चालवणाऱ्यापेक्षा मडगार्डवरच्याला जास्त कळतं. त्याचे दोन्ही हात मोकळे असतात.

२७ एप्रिल

आज डायनामो. जुन्या ट्रॅक्टरला डायनामो असतो, तोच बॅटरी भरतो. समोर चार्जिंगचा काटा आहे. इंजिन चालू असलं की तो प्लसकडे जायला पाहिजे. मिरवणुकीत मध्यावर मेल्यासारखा पडून होता, सुगत सांगतो. म्हणजे दोन बिघाड. सेल्फला जोर नाही आणि डायनामो कामचोर.

कुंदन म्हणे, दोन नाहीत, एकच आहे. करंटला जायची वाट आहे, परत यायची नाही.

मी म्हणलं, मग डायनामो काढ.

काढला. तपासला. चांगला आहे म्हणतो. याच्याकडे सगळं चांगलंच असतं. याच्या मशीनवर मला बसवलं तर मलाही चांगली म्हणेल.

बेल्ट मी स्वतः आवळला.

१ मे

आज ट्रॅक्टर चालू व्हायचा होता. महाराष्ट्र दिन असल्यामुळे दुकानं बंद. त्यात माझी काय चूक? नवी मुदत: दहा मे.

३ मे

उजव्या हाताला पट्टी आहे, म्हणून अक्षर असं.

काल बॅटरीचा प्लस आवळत होते. हातात वातासाठी तांब्याचं कडं घालते. पाना प्लसला, कडं पान्याला, आणि कड्याची दुसरी बाजू बॅटरीच्या मायनसला टेकली. कडं लाल झालं. खरंच लाल. निघेना. सुगतनं फडक्यानं ओढून काढलं तेव्हा त्याच्याबरोबर कातडीही आली. वास आला. कसला ते लिहीत नाही.

दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, आजी, या वयात ट्रॅक्टर? मी म्हणलं, ट्रॅक्टरचं वय विचार आधी.

दीक्षा रिक्षात रडली. मी तिला म्हणलं, रडतेस काय, एक गोष्ट तर कळली. बॅटरी चांगली आहे. कुंदनच्या टेस्ट लॅम्पपेक्षा हे पक्कं.

तिनं पदरानं डोळे पुसले. बाहेर रस्त्याकडे बघत राहिली.

७ मे

सुगतनं ट्रॅक्टरचे मोबाइलवर फोटो काढले. पुढून, मागून, टायरचे, सीटचे. मी म्हणलं, आता कशी माया आली? तो म्हणाला, माय, मी तुला आधीच सांगितलंय, पुन्हा सांगतो. विकायचाय. पनवेलच्या बाजूला बाजीराव म्हणून वीटभट्टीवाला आहे. बंद असेल तर तो भंगार म्हणून घेईल. चालू असेल तर ट्रॅक्टर म्हणून. एवढाच फरक आहे, म्हणून मी कुंदनच्या मागे लागलोय.

ऐकलं. म्हणजे दोघांनाही तो चालूच हवा. आमचं एकमत आहे.

चालू ट्रॅक्टर कोण विकतं? दुभती म्हैस बाजारात नेत नाहीत, भाकड नेतात. एकदा सुरू झाला, सायलेन्सरमधून पहिला भपकारा आला, की याचं विकायचं खूळ जाईल. लहानपणी त्या आवाजाशिवाय झोपायचा नाही. मी भांडून सांगितलं नाही. आवाजच सांगेल.

१० मे

आज मुदत होती. जवळजवळ पाळली.

शेजारच्या टेम्पोला दोर बांधून ट्रॅक्टर ओढला. डिझेल इंजिनला ओढून चालू केलं की करंट लागत नाही. गिअरमध्ये टाकून क्लच सोडला आणि सुरू झाला. सुरू झाला! गल्लीभर धूर. मी टाळ्या वाजवल्या, एका हातानं मांडीवर.

चार्जिंगचा काटा मध्यावरच. हलेना. जाऊ दे, काटा खराब असेल.

दोर सोडवताना ट्रॅक्टर हलला आणि सुगतचं बोट हुकाच्या पिनेत सापडलं. नख गेलं. बोट वांग्यासारखं सुजलं. परवा कंपनीची मेडिकल आहे.

आता सुजलेल्या बोटाला कंपनी घेईल की नाही, हा विचार माझ्या मनात आला, असं कोणी म्हणू नये. मी हळद लावली.

११ मे

ट्रॅक्टर बंद केला की परत सेल्फ लागत नाही, म्हणून सोपा उपाय काढला. बंदच करायचा नाही. कालपासून चालू आहे. समोरच्या सोसायटीचा सेक्रेटरी आला. म्हणे, मावशी, घरात धूर येतोय, माझ्या आईला दमा आहे. मी म्हणलं, तुमच्या एसीचं पाणी माझ्या डोक्यावर पडतं, मी कधी बोलले? तो म्हणाला, आत्ता बोललात. हुशार आहे.

दुपारी डिझेल संपलं. आपोआप बंद.

टक्.

१२ मे

सुगत मेडिकलला पास. बोट बघितलंच नाही त्यांनी. डोळे आणि छाती बघितली म्हणे. असली कसली कंपनी? जिथं बोटानं काम करायचं तिथं बोट बघत नाहीत.

१६ मे

दीक्षानं शुभदाच्या शाळेचा दाखला काढून आणला. सातवीला चाकणला घालणार. काढलेला दाखला परत भरता येतो. मी चौकशी केलेली नाही, पण येत असणार. शाळेला पोरं हवीच असतात.

शुभदा म्हणाली, आजी, तू आमच्याबरोबर का येत नाहीस? मी म्हणलं, मग ट्रॅक्टर कोण बघणार? ती म्हणाली, ट्रॅक्टर पण नसणार आहे ना. मी म्हणलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, सगळ्यांनीच. मग म्हणाली, तुला पण.

पोरीला बोलण्याचं वळण नाही. आईवर गेली.

१९ मे

घरात खोकी. टेपचा आवाज दिवसभर, चर्र चर्र. दीक्षा मोठी पातेली भरत होती. मी म्हणलं, मोठं पातेलं राहू दे, राहिलात तर लागेल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पातेलं परत मांडणीवर ठेवलं. म्हणाली, ठीक आहे आई, हे तुमच्याकडे राहू दे.

बघा. तिलाही वाटतंय.

बाजीराव आला होता. जाड माणूस, पायात पांढरे बूट. वीटभट्टीवाल्यानं पांढरे बूट घालावेत म्हणजे काय म्हणावं? टायरला लाथ मारून बघितली. माझ्या ट्रॅक्टरला लाथ. मी म्हणलं, साहेब, सासरी बायको बघायला गेलात तेव्हाही लाथ मारून बघितली होती का? हसला. म्हणाला, आजी, चालू करून दाखवा, मग बोलू. महिना संपेपर्यंत थांबतो.

थांब म्हणलं.

२१ मे

ऊन असं की पत्रा हात लावू देत नाही. पावण्याकडून नाल्याचा वास. हाताची जखम चिघळली. डॉक्टरीण म्हणते ओली करू नका. आज ट्रॅक्टरला हात लावायचा नाही असं ठरवलं.

अकरा वाजता लावला.

फ्यूज बघितले. वायरी बघितल्या. किल्लीचं स्विच बदललं. टक्. मी स्टिअरिंगवर एक मूठ मारली, दुखऱ्या हातानं. मग थोडा वेळ मडगार्डवर बसले. काही विचार केला नाही. ऊन होतं, एवढंच.

२३ मे

आज सापडलं. मला सापडलं. हे नीट लिहून ठेवते, कारण पुढे लोक कुंदनचं नाव घेतील.

शेजारचा टेम्पो बाजूला उभा केला. त्याच्या बॅटरीपासून आमच्या बॅटरीला दोन जाड वायरी, चिमटेवाल्या. लाल चिमटा आमच्या प्लसला, काळा मायनसला. सुगतनं सेल्फ मारला. टक्. दोन बॅटऱ्या लावूनही टक्. माझं डोकं फिरलं. काळा चिमटा मायनसवरून उपटला आणि दिला फेकून. तो जाऊन इंजिन उचलायची लोखंडी कडी असते तिच्यावर पडला. ती कडी रंगवायची राहिली होती, कारण डबा संपला. त्याच वेळी सुगतनं वैतागून परत किल्ली फिरवली.

ट्रॅक्टर धाडकन चालू.

सुगत सीटवरून उडालाच. मी बाजूला सरकले.

सुगत हळूच म्हणाला, माय, बॅटरीचं मायनस सोडून इंजिनच्या अंगाला लावलं तर चालू होतो. म्हणजे बॅटरी आणि अंग यांच्यामध्ये काहीतरी आहे.

मी म्हणलं, तेच तपासायला चिमटा तिथं टाकला.

तो म्हणाला, टाकलास?

मी म्हणलं, नेम धरून.

२४ मे

पट्टीचा बोल्ट सोडला. खाली माझा निळा रंग, दोन हात, गुळगुळीत, आरशासारखा. चांगलंच काम झालं होतं. कुंदन आला होता, लांब उभा राहून म्हणाला, आजी, रंगातून करंट जात नाही ना. सेल्फलाही नाही, डायनामोचा परत बॅटरीतही नाही. मिरवणुकीच्या दिवशी बोल्टाच्या आट्यातून थोडाफार जात असेल, तोही जळून गेला.

मी म्हणलं, मग हे डब्यावर लिहायला नको? पेंटवाल्याच्या दुकानात जाऊन त्याला विचारणार आहे. एवढा मोठा डबा, त्यावर हसणाऱ्या बाईचं चित्र, आणि कामाची गोष्ट एकही नाही.

जुन्या उलथण्यानं रुपयाएवढी जागा खरवडली. निळ्याला उलथणं लावताना हात थांबला. मग म्हणलं, बाबासाहेब शिकलेले होते, त्यांना कळेल. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडलं. पट्टी बसवली. बोल्ट आवळला.

सुगतनं सेल्फ मारला. पहिल्या फटक्याला. काटा मध्यावरून उचलला आणि प्लसकडे गेला आणि तिथंच थांबला.

सुगत सीटवर बसून होता, हात स्टिअरिंगवर, इंजिनाचा आवाज ऐकत. तोंडावर ते लहानपणचं हसू. मी बघितलं. मी म्हणलं होतं.

२५ मे

वाट बघते आहे. तो आपणहून बोलेल. विचारायचं नाही असं ठरवलं.

दुपारी विचारलं. मी म्हणलं, काय रे, ऐकलास ना आवाज? तो म्हणाला, ऐकला माय. भारी वाजतोय. मग म्हणाला, बाजीरावला फोन केला. एकोणतीसला येतो.

मी म्हणलं, अरे पण चालू झाला ना!

तो म्हणाला, म्हणून तर येतोय.

थोड्या वेळानं परत आला. माझ्याजवळ बसला. म्हणाला, माय, मी चौतीसचा झालो. माझी कंबर गेलीय त्या सीटवर. कंपन्यांना आता झाडाला पाणी घालायला टँकर लागत नाही, त्यांनी पाइप टाकले. बाबा त्या खाणीच्या धुळीतच गेले. तुला माहीत आहे कसे गेले.

माहीत आहे. खोकत.

मी म्हणलं, जेवलास का?

२८ मे

आज एक गोष्ट.

सगळे दुकानात गेले होते, चाकणसाठी पंखा घ्यायला. मी पाना घेऊन ट्रॅक्टरजवळ गेले. पट्टीचा बोल्ट सोडायचा, मध्ये सायकलच्या ट्यूबची एक चकती सरकवली की झालं. उद्या बाजीरावसमोर सेल्फ मारला की टक्. पांढरे बूट घेऊन घरी जाईल. कोणाला कळणार नाही. कुंदनला कळेल, पण त्याचं तोंड मी बंद करू शकते.

ट्यूब कापून आणली होती.

बोल्ट सोडला. चकती हातात धरली. बराच वेळ धरली.

मग विचार केला, सगळ्या कोपरखैरण्यात काय होईल? ट्रॅक्टर मिरवणुकीत बंद पडला आणि बंदच राहिला. लोक म्हणतील, सुगतच्या आईला, रखमाला, जमला नाही. चंद्रशेखर माइकवरून सांगेल.

ते नको. लोखंड परत एकदा घासलं. बोल्ट आवळला. वरून ग्रीस लावलं, कुंदननं सांगितलं होतं तसं, म्हणजे गंज चढणार नाही. चकती फेकून दिली.

तरी पण मला वाटतं, उद्या शेवटच्या क्षणाला सुगत नाही म्हणेल. त्याचा स्वभाव तसा आहे. वेळेवर फिरतो.

२९ मे

बाजीराव आला, बरोबर ड्रायव्हर. मोठ्यानं म्हणाला, जयभीम आजी, बघू तुमची कमाल. सुगत म्हणाला, चालू करतो. मी म्हणलं, बाजूला हो. तुझं बोट दुखतं.

चढले. गुडघा वाकेना, दीक्षानं खालून हात दिला. न्यूट्रल बघितला. किल्ली फिरवली.

एका फटक्याला. भपकारा वर झाडापर्यंत. समोरच्या गॅलरीतून सेक्रेटरीसुद्धा बघायला लागला. काटा प्लसला. मी बाजीरावला काटा दाखवला. म्हणलं, बघ, बंद कर, परत चालू कर, कितीदाही कर. त्यानं केलं. दरवेळी लागला. बाजीराव म्हणाला, कोणी केलं हे काम? सुगत म्हणाला, माझ्या आईनं.

मला इतकं बरं वाटलं की मी खाली उतरले आणि ड्रायव्हर सीटवर चढला ते माझ्या लक्षात आलं नाही. टँकर जोडला. सुगतनं कागद दिले. मला वाटलं एक चक्कर मारून बघतायत. गल्लीच्या टोकाला उजवीकडे वळला. पनवेलकडे.

मी सुगतकडे बघितलं. तो वेळेवर फिरला नाही.

मी म्हणलं, हॉर्नची वायर ढिली आहे, त्याला सांगायचं राहिलं. सुगत म्हणाला, फोन करून सांगतो. केला नाही. हॉर्नची वायर ढिली नव्हतीच.

३१ मे

टेम्पोत सामान भरलं. शेजारच्याच. शुभदा रडली, दीक्षानं पाया पडून घेतलं. सुगत म्हणाला, माय, पावसाळा होऊ दे, मग न्यायला येतो. मी म्हणलं, मी काय सामान आहे? तो म्हणाला, नाहीस, म्हणून तर मागतोय तुझी परवानगी.

दिली नाही.

टेम्पोच्या ड्रायव्हरला सांगितलं, घाटात गाडी तापली तर थांब, ऊन आहे. तो म्हणाला, आजी, नवीन गाडी आहे.

९ जून

खोली मोठी वाटते. मोठं पातेलं आहे. त्यात एकटीचा भात करता येत नाही, तळाला लागतो.

आज फोन आला. मला वाटलं सुगत. बाजीराव होता. मी लगेच म्हणलं, बंद पडला ना? मला माहीत होतं. भट्टीवर धूळ असते, एखादी वायर सुटली असेल. पट्टी बघ, काटा बघ, नाहीतर गाडी पाठव, मी येते. मला वेळ आहे.

तो म्हणाला, नाही आजी, बंद कशाला पडेल? रोज सकाळी एका सेल्फला लागतो. ड्रायव्हर म्हणाला आजींना सांगा, म्हणून फोन केला.

मी म्हणलं, बरं. पुढं काही अडलं तर कधीही फोन कर.

तो म्हणाला, काही अडणार नाही आजी. तुम्ही पक्कं काम केलंय.